अनंत दर्जाच्या दोन शाळा

रस्त्याच्या एका बाजूला पिवळी शाळा आणि दुसऱ्या बाजूला विटकरी शाळा, अशी दोन सरकारी हायस्कुलं वर्षानुवर्षं एकमेकांकडे बघत उभी होती. दोन्हींचा नकाशा एक, पुस्तकं एक, आणि मुलींच्या स्वच्छतागृहाची कडीही दोन्हीकडे सारखीच तुटलेली. ज्याला रस्ता ओलांडायचा कंटाळा, तो आपल्या बाजूच्या शाळेत पोरं घाली. यात काही गैर आहे असं कुणाला वाटत नव्हतं, कारण तोवर गुणवत्ता तुलना कक्ष स्थापन झालेला नव्हता.

तो झाला, आणि तुलना अधिकारी पिवळ्या शाळेच्या मोठ्या बाईंसमोर येऊन बसले. दोन शाळांपैकी जी कमी दर्जाची ठरेल ती बंद होईल आणि तिची इमारत कक्षाला मिळेल, कारण कक्षाला अद्याप जागा नव्हती.

"या, वर्ग बघून घ्या," बाई उठत म्हणाल्या. "नववीचं गणित चालू आहे."

"छे छे!" अधिकारी दचकले. "वर्गात गेलं की मत बनतं. मत बनलं की तुलना निष्पक्ष राहत नाही."

"मग दर्जा कळणार कसा?"

"सोपं आहे. चांगल्या गोष्टीला गर्दी होते. गर्दी झाली की काहींना परत जावं लागतं. म्हणून जितकी मुलं नाकारली, त्याला घेतलेल्या मुलांनी भागायचं. जे येईल तो तुमचा दर्जा. पुढच्या वर्षी दवाखान्यांनाही हेच लावतोय."

उभ्या आयुष्यात त्यांनी एकही पोर परत पाठवलं नव्हतं. दोनदा नापास झालेली, दुसऱ्या शाळेनं हाकललेली, बोलताना अडखळणारी, सगळी त्यांच्याकडे. नाकारलेली शून्य म्हणजे दर्जा शून्य. शाळा गेली म्हणजे ही पोरं जाणार कुठे?

त्यात विटकरी शाळेचे हेडसर म्हणजे बाईंचा सख्खा नवरा. आपलेच दात, आपलेच ओठ.

"अहो, तुम्ही किती नाकारलीत?" बाईंनी सकाळच्या चहाला विचारलं.

"दोन," हेडसर बशीत बघत म्हणाले. "जेवणाच्या सुट्टीत आली होती. मी म्हटलं, वेळ झाली."

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना. पण दर्जा वाढला, त्याला मी काय करू?"

बाईंनी पदर खोचला. शाळा वाचवायची तर वाचवायची! त्यांनी फाटकावर पाटी लावली, 'जागा नाही'. आत निम्मे बाक रिकामे होते. पण शिपाईमामांचा जन्म 'ये बाळा, आत ये' म्हणण्यात गेलेला, त्यांच्या तोंडातून नकारच निघेना. शेवटी बाई स्वतः फाटकावर उभ्या राहिल्या.

आणि काय सांगावं! ज्या पालकांनी पिवळ्या शाळेकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते धावत सुटले. जागा नाही म्हणजे आत नक्कीच काहीतरी असणार! बाई एकेकाला नाकारत होत्या आणि नाकारलेले पुन्हा रांगेत उभे राहत होते. नकाराचा कागद काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात लावायची टूम निघाली. एक वडील तर हमरीतुमरीवर आले.

"बाई, शेजाऱ्याच्या मुलीला दोन्ही शाळांनी नाकारलं. आमच्या मुलीला तुम्ही एकट्यांनीच! तिनं काय घोडं मारलंय?"

"समोर जा ना मग. सर नाही म्हणतील."

"ते नाही म्हणतील याची खात्री काय? वशिला लागतो हो तिथे!"

समोर हेडसरांनीही बाह्या सरसावल्या होत्या. इकडे शंभर परत गेले की तिकडे दीडशे. घरी नवरा-बायकोंनी एकमेकांशी बोलणंही सोडलं, मीठ हवं असलं तरी शिपाईमामांकरवी निरोप. असं किती दिवस चालणार? मग गणिताच्या सरांनी बाईंना बाजूला घेतलं.

"बाई, वरचा आकडा वाढवून वाढवून किती वाढवणार? खालचा कमी करा."

"म्हणजे?"

"आत बसलेल्यांनाही नव्याने अर्ज करायला लावा. आणि नाकारा."

बाई सरांच्या अंगावर धावून गेल्या असत्या, पण खिडकीतून विटकरी शाळेची आठवी रांगेनं बाहेर पडताना दिसली. हेडसरांना गणित आधीच सुचलं होतं. हा माणूस घरचा हिशोब कधी धड करत नाही, आणि आज बरा सुचला! बाईंनी छातीवर दगड ठेवून वर्ग रिकामे करायला घेतले. शेवटी दहावीतली एक मुलगी राहिली.

"बाई, मी पण जाऊ?"

"जा, बाळा," बाई म्हणाल्या आणि त्यांना हुंदका फुटला. "तुझी शाळा वाचवायची आहे."

दोन्ही शाळांत आता एकही मूल नव्हतं. कक्षात भागाकार झाला. शून्यानं भागल्यावर यंत्रांनी हात टेकले, तज्ज्ञ बोलावण्यात आले, आणि दोन्ही शाळांचा दर्जा अनंत असल्याचं जाहीर झालं. हार, भाषणं, सत्कार. अधिकाऱ्यांनी गहिवरून रिकाम्या बाकांवरून हात फिरवला. इतक्या स्वच्छ वर्गखोल्या त्यांनी पाहिल्या नव्हत्या.

शाळा वाचली होती. पोरं मात्र दोन फाटकांच्या मधल्या रस्त्यावर दप्तरं घेऊन बसली होती, कारण घरी जायचं तर आयांनी सांगून ठेवलं होतं, दुपारच्या आत तोंड दाखवायचं नाही. बाईंना सत्काराच्या खुर्चीत बसवेना. त्या तडक बाहेर आल्या आणि दुभाजकावर बसून म्हणाल्या, "कुठवर आलो होतो आपण?"

झालं! पाठोपाठ गणिताचे सर आले. त्यांनी डांबरावरच खडूनं वर्तुळं काढली. हेडसर खाली मान घालून पलीकडून आले आणि बायकोशेजारी बसून इतिहास सांगू लागले. विटकरीतली पोरं, पिवळीतली पोरं, अडखळणारी, नापास झालेली, सगळी एकत्र. शिपाईमामा तर हर्षवायू झाल्यागत रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ओरडत होते, "ये बाळा, ये, बस!" बाईंना इतकं हसू येत होतं की शिकवता शिकवता डोळे पुसावे लागत होते.

तुलना अधिकारी आले तेव्हा त्यांनी नियमाप्रमाणे वर्गाकडे पाठ करून विचारणा केली.

"इथे किती मुलं नाकारली?"

"एकही नाही!" शिपाईमामा छाती फुगवून म्हणाले.

"म्हणजे दर्जा शून्य," अधिकारी कळवळून म्हणाले. "ही परिसरातली सर्वांत वाईट शाळा आहे. बंद करावी लागेल."

बंद करायची वेळच आली नाही. बातमी पसरली तसे पालक धावत आले आणि आपापल्या पोरांना बखोट धरून उठवू लागले. त्या शेवटच्या मुलीची आई सर्वांत पुढे होती.

"आई, थांब ना! गणित आत्ता कुठे कळायला लागलंय मला."

"कळून काय करायचंय? चल मुकाट्यानं! इथे कुणालाही घेतात!"

रस्ता रिकामा झाला. मोठ्या बाई खडू हातात धरून तशाच बसून राहिल्या.

हसताय ना? हसा, हसा. तुमच्या मुलांची शाळा शहरात कितव्या क्रमांकाची, ते तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगाल. त्यांना गणित कोण शिकवतं, तेवढं नाव सांगा बघू. अंहं, आतल्या खोलीत पोरांना हाक मारायची नाही.