उजवी पाकळी

धोंडू गुरवाने स्वतःसाठी कौल लावला आणि तो डावा आला, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद धोंडूलाच झाला. गोव्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं, मनगटात नस दबली आहे, ऑपरेशन केलं नाही तर अंगठ्यातली ताकद जाईल. उजव्या हाताला सदा मुंग्या यायच्या, पण ऑपरेशनचं नाव काढलं की धोंडूला त्या मुंग्यासुद्धा गोड वाटायच्या. आता देवच नको म्हणाला, असं त्याने घरी येऊन बायकोला ऐटीत सांगितलं.

शेवंतीने त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

"माका एक सांगा," ती म्हणाली, "गेल्या वर्षात तुमच्या हातान एक तरी उजवो कौल इलो?"

धोंडू आठवू लागला. देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. धोंडू डावी आधी लावायचा, तोवर बोटं शाबूत असायची. हात वर धरून उजवीपर्यंत येईतो ती बधिर व्हायची. पाकळी लागली की नाही तेच कळायचं नाही, म्हणून तो ती अंगठ्याने रेटून बसवायचा. ती कसली पडते! वर्षभर देव अख्ख्या गावाला नाही म्हणत होता.

"हात तुमचो बधिर, मगे देव तरी काय करतलो?" शेवंती म्हणाली.

यशोदेच्या मुलाचं लग्न त्या कौलाने अडलं होतं. महादूचा खटलाही. हद्दीवरच्या फणसावरून महादूचं सख्ख्या भावाशी, गुरुदासशी, वाकडं होतं आणि नुकत्याच वेगळ्या झालेल्या जिल्ह्यात पहिला मोठा खटला आपलाच असावा अशी महादूची हौस होती. डाव्या कौलाने त्याला थोपवलं होतं. खरं कारण फुटलं तर गुरवकी जाणार आणि दोघे भाऊ जन्माचे वैरी होणार, ते पाप धोंडूच्या माथी.

तेव्हा माहेरी जाते असं गावाला सांगून शेवंतीने नवऱ्याला गोव्याला नेलं आणि ऑपरेशन करून आणलं. फक्त एक गोष्ट राहिली. गावाला काय सांगायचं ते दोघांनी ठरवलंच नाही. महादूने हाताच्या पट्टीचं विचारलं तेव्हा धोंडू म्हणाला, विहिरीवर घसरून पडलो. गुरुदासने विचारलं तेव्हा शेवंती म्हणाली, बैलाने शिंग मारलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही कारणं गावभर झाली.

महादूला पहिल्यापासून संशय होता की गुरुदासनेच गुरवाला फितवून कौल डावा पाडला. आता खात्री पटली. तो धोंडूच्या घरासमोरच्या दगडी गडग्यावर पाळतीला बसू लागला. महादू तिथे का बसतो, म्हणून गुरुदासला संशय आला, की हा नवा कौल उजवा पाडून घेणार. तोही गडग्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. वारा बरा लागतो, असं दोघांनीही विचारणाऱ्यांना सांगितलं.

डॉक्टरने धोंडूला हात उंच धरून बोटं उघडझाप करायला सांगितली होती. पडवीत बसून तो ते मनापासून करी. महादूला वाटे, गुरव गुरुदासला बोलावतोय. गुरुदासला वाटे, महादूला. दुसरा हळूच निसटू नये म्हणून दोघे रोज थोडे थोडे जवळ सरकत गेले. मग एकदा गुरुदासचा चुना संपला, तो महादूने न बोलता पुढे केला. पुढे त्या फणसाचे गरेसुद्धा त्यांनी गडग्यावरच खाल्ले. घरी जाऊन खावेत तर पाळत चुकली असती.

टाके निघाले तरी बोटं थांबेनात, तेव्हा महादू पडवीत चढला.

"बोटां हलवन कोणाक बोलवतास, गुरवानू?"

धोंडूला आता खोटं सोसवेना. त्याने सगळं सांगून टाकलं. संध्याकाळपर्यंत तेही गावभर झालं, आणि महादूचा कौल पुन्हा लावायचं ठरलं.

देवळात सगळ्यांचे डोळे देवाऐवजी धोंडूच्या बोटांवर होते. त्याने दोन्ही पाकळ्या सारख्याच अलगद लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, महादून कोर्टात जावचा की नाय, ता नीट दाखव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं.

उजवी पाकळी सरकली. सगळ्यांनी पाहिलं. मागे उभ्या गुरुदासने मान खाली घातली. धोंडूला रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात महादू उंबऱ्यावरून पुढे वाकला आणि उजवी पाकळी त्याने अंगठ्याने घट्ट दाबून धरली. असलं धाडस गावात कोणी केलं नव्हतं. थोड्या वेळाने डावी पडली.

"डावो कौल," महादू म्हणाला. "गुरवानू, तुमचो हात अजून बरो जावक नाय."

मागून गुरुदासचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

आणि मग सगळं गाव म्हणालं.

पुढचा कौल यशोदेच्या मुलाच्या लग्नाचा होता. पाकळ्या लावण्याआधी तिने महादूला देवळाबाहेर काढलं.