मामींच्या पोटात आलं

माझ्या सासूबाईंचं ऑपरेशन बिनउलटीचं करून दाखवतो, असं मी जेवायला बसल्या बसल्या जाहीर करून टाकलं होतं. ऑपरेशन डॉक्टर करणार होते हे खरं, पण उलटीचं खातं मी माझ्याकडं घेतलं होतं.

मी बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीच्या लॅबमध्ये दुधाची फॅट काढतो. अंगात पांढरा कोट असतो. त्यामुळं बावड्याच्या सासरवाडीत मला निम्मा डॉक्टर समजतात. उरलेला निम्मा मी स्वतः समजतो.

सासूबाई म्हणजे साखरबाई. आम्ही त्यांना मामी म्हणतो. त्यांच्या पित्ताशयात खडे झाले होते आणि दोन वर्षं त्या ऑपरेशन टाळत होत्या. चाकूला भिऊन नव्हे. आधीच्या एका ऑपरेशननंतर भूल उतरल्यावर त्यांना दोन दिवस उलट्या झाल्या होत्या, आणि त्यातली पहिली थेट मोठ्या डॉक्टरांच्या बुटावर पडली होती. "चार माणसांत तोंड दाखवाय जागा ऱ्हायली न्हाय," असं त्या अजून सांगायच्या.

"मामी, आल्यानं मळमळ थांबते. मी मोबाईलवर वाचलंय," मी म्हणालो. "एक जरी उलटी झाली तर मी कुंडलिक नाव लावणार नाही."

"पाव्हणं, तुमी म्हंताय म्हणून येते," मामी म्हणाल्या. "पण झाली उलटी, तर पुन्ना तुमच्या दारात पाय न्हाय ठेवायची."

हे ऐकून मला काही क्षण दोन्हीकडून फायदाच दिसला. पण शेजारी माझी बायको वैष्णवी बसली होती, म्हणून मी तोंड गंभीर ठेवलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंना मी मुद्दाम विचारलं. त्या म्हणाल्या, "आल्याचा काही जणांना थोडाफार उपयोग होतो. पण उद्या पोट पूर्ण रिकामं हवं. मला विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही." पहिलं वाक्य मी नीट ऐकलं. पुढची दोन चालू असताना मी आलं किती किसायचं याचा विचार करत होतो.

ऑपरेशन सकाळी नऊला होतं. सातला वैष्णवी कागद घेऊन काउंटरवर गेली आणि मी थर्मास उघडला. पावशेर आलं उकळून आणलं होतं. मामींनी एक घोट घेतला आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

"नरडं भाजलं की ओ."

मग मी थर्मास खालच्या टपरीवर नेला, त्यात दूध-साखर घालून पुन्हा उकळून आणलं. मामी ग्लासभर प्यायल्या आणि मिशा पुसाव्यात तसं तोंड पुसलं.

"नर्सला काही सांगू नका," मी म्हणालो. "त्यांचं आपलं जुनं शिक्षण असतं."

थोड्या वेळानं नर्स फाईल घेऊन आली. मी दाराशी उभा होतो.

"आजी, सकाळपासून पोटात काही गेलंय?"

मामी आयुष्यात खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग छताकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "आलं."

"काय आलं?"

"आलं."

"अहो, पण काय? चक्कर आली? कळ आली?"

"न्हाय गं बाई. नुसतं आलं."

"कुठून आलं?"

"पाव्हण्यांनी आणलं."

"काय आणलं पाहुण्यांनी?"

"आलं."

नर्सनं पेन खाली ठेवलं आणि धावत जाऊन डॉक्टरबाईंना घेऊन आली. पेशंट असंबद्ध बोलतोय, असं तिनं सांगितलेलं मी ऐकलं. डॉक्टरबाईंनी मामींच्या डोळ्यांत बॅटरी मारली.

"आजी, आज वार कोणता?"

"बुधवार."

"आपण आता कुठं आहोत?"

"मला येडी समजता व्हय?" मामी उठून बसल्या. "पोरी, माझी पिशवी दे. मी चालले बावड्याला."

डोक्याचा फोटो काढावा लागेल, असं डॉक्टरबाई नर्सला म्हणाल्या.

"मॅडम," मी पुढं होऊन म्हणालो, "आलं म्हणजे ते आपलं आलं. चहातलं. मीच दिलं."

"किती?"

"ग्लासभर. दुधातून."

"दुधातून?"

"फुल क्रीम," मी म्हणालो. बारा वर्षांच्या नोकरीची सवय आहे, तोंडातून निघून गेलं.

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. त्यांनी मला शांतपणे समजावलं, की भरल्या पोटी भूल दिली असती आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं असतं, तर जिवावर बेतलं असतं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. वैष्णवी माझ्यामागं कधी येऊन उभी राहिली होती ते मला कळलंच नव्हतं.

ऑपरेशन दुपारी चारवर गेलं. तोवर मामी उपाशी, मी उपाशी, आणि वैष्णवीनं माझ्याशी बोलायचं पूर्ण बंद केलेलं.

संध्याकाळी मामी शुद्धीवर आल्या. आम्ही सगळे श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. नर्स तर बूट सांभाळत दोन पावलं मागं उभी होती. उलटी सोडा, साधी ढेकर आली नाही.

"पाव्हण्यांच्या आल्यानं गुण दिला," मामी हळूच म्हणाल्या. "वैष्णे, त्यास्नी काय बोलू नगंस. आन जेवाय घाल."

वैष्णवी दिवसभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "डबा आणलाय. जेवा."

ती औषधं आणायला गेल्यावर माझ्यातला शास्त्रज्ञ पुन्हा उठून बसला. मी खुर्ची जवळ ओढली. "मामी, बघा, मी म्हणालो नव्हतो? आल्यात ताकद असते."

मामींनी डोळे मिटलेलेच ठेवले.

"डाक्टरीणबाईनं उलटीचं इंजेक्शन दिलंय मला. आत न्यायच्या आधीच सांगितलं तिनं," त्या म्हणाल्या. "पण तसं बोलले असते, तर माझ्या पोरीनं तुमास्नी महिनाभर उपाशी ठेवलं असतं. जेवा गुमान."

मी गुमान जेवलो.