होल्डवरची डुलकी

शिंपीमास्तरांनी फोन स्पीकरवर लावून मशीनवर ठेवला आणि एका पुढाऱ्याचा शिवायला आलेला कोट मांडीवर घेतला. आज संध्याकाळपर्यंत आरोग्य विम्याचं नूतनीकरण झालं नाही, तर पॉलिसी बंद पडणार होती आणि बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला विमा लागू व्हावा म्हणून इतकी वर्षं पाहिलेली वाट पाण्यात जाणार होती. कंपनीने हप्ता असा काही वाढवला होता, की तो ऐकून मास्तरांच्याच छातीत कळ आली. स्वस्तातली एक योजना होती म्हणे, पण ती फक्त फोनवर मिळत होती.

"तुमचा कॉल आमच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा आहे," एक गोड आवाज म्हणाला आणि बासरी सुरू झाली.

"बाई किती आपुलकीनं बोलते!"

"मग जेवायला तिच्याकडेच जा," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "आणि झोपू नका हं."

"मी? झोपतोय कशाला!"

बासरी काही संपेना. टाके घालता घालता मास्तर देशाचा विचार करू लागले. पुढारी निवडून आल्यावर सगळ्यांना फुकट औषधपाणी देणार होता, पण कोटाला आतून चार खिसे सांगून गेला होता. सरकारं आली नि गेली, होल्डवरची बासरी तीच. एवढा मोठा देश, पण आजारी पडायची सोय नाही! दुपारचं ऊन कापडावर पसरलं. सुई हातातच राहिली.

मास्तर एका मोकळ्या मैदानात उभे होते. अख्ख्या देशाला मिळून एकच कोट शिवायचा होता. खोकणारी, लंगडणारी, कण्हणारी माणसं रांगेनं येऊन हात पसरून माप देत होती. बायको तर चक्क पळत आली आणि हसत पुढे गेली. पुढारी मात्र कापडाचं एक टोक मुठीत धरून उभा होता. "कापड पुरत नाही, साहेब," मास्तर कळवळून म्हणाले. "टोक सोडा."

"सर! ओ सर!"

मास्तर दचकले. बासरी थांबली होती. फोनवर एक दमलेला पुरुषी आवाज होता.

"सर, या कॉलवर घोरण्याचा आवाज नोंदला गेलाय. श्वासाचा आजार लपवलात म्हणून सिस्टिमनं तुम्हाला स्वस्त योजनेतून बाद केलंय."

"अहो, जरा डोळा लागला होता!"

"सिस्टिमला ते कळत नाही, सर."

बायको लंगडत बाहेर आली. "झोपलात ना शेवटी? गेलं माझं ऑपरेशन!" तिचे डोळे भरून आले. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बायको मध्येच थबकली. "थांबा. तुम्ही कुठे घोरता? तुम्ही तर झोपेत बडबडता. अहो फोनवाले, ते रेकॉर्डिंग ऐकवा बरं."

"नियमात बसत नाही, मॅडम."

"मला तर खालीसुद्धा बसता येत नाही! लावा."

लावलं. आधी दणदणीत घोरणं ऐकू आलं. मग त्यावरून मास्तरांचा आवाज, "कापड पुरत नाही, साहेब. टोक सोडा." खालून घोरणं चालूच.

"एका तोंडानं माणूस बोलेल की घोरेल?" बायकोने विचारलं. "मग हे घोरतंय कोण?"

पलीकडे खुर्ची करकरली.

"ताई," आवाज एकदम बारीक झाला, "सकाळपासून खुर्चीवरून उठलो नाहीये, माझाच डोळा लागला. आमच्या साहेबांना सांगू नका."

"नाही सांगत. पण तुमचा श्वास मध्येच अडकतोय हो. डॉक्टरला दाखवा. विमा असेलच तुम्हाला."

"कसला विमा, ताई! कंत्राटावर आहे मी. विकतो, पण घ्यायला परवडत नाही."

बायको भांडायच्या तयारीत होती, तिनं कमरेवरचे हात खाली घेतले. पलीकडे बटणं खटखटली.

"घोरणं काढून टाकलं. स्वस्त योजना लागू झाली. करा ऑपरेशन."

बायकोला इतका आनंद झाला, की गुडघा विसरून ती खाली बसायला गेली आणि "आई गं!" करत पुन्हा उभी राहिली.

"ताई, एक विचारू?" आवाज घुटमळला. "मास्तरांची आधीची बडबड ऐकत ऐकतच मला झोप लागली. मलाही ते मैदान दिसलं. मी रांगेत अगदी शेवटी होतो. पुरलं का हो कापड?"

मास्तरांनी मांडीवरच्या कोटाकडे पाहिलं. मग गळ्यातली टेप काढून ते फोनजवळ वाकले.

"आतले खिसे काढले की पुरतंय," ते म्हणाले. "छातीचं माप सांगा, राव."