कुरुंजवडीच्या कहाणीला हुंकार

कुरुंजवडीची कहाणी संस्थानातून हद्दपार झाली होती आणि सध्या ती मिरजेला, सतारी दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर राहत होती. राजाचा मानभंग केला, एवढाच तिचा गुन्हा. पुढे संस्थान विलीन झालं, राजवाड्यात शाळा भरू लागली, पण हुकूम मागे घ्यायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. आणि कहाणी पडली कायद्याने वागणारी. ती आपली मिरजेतच राहिली.

मृदुला गुरवला तिचा पत्ता हवा होता. ती लोककथांची अभ्यासक खरी, पण पत्ता हवा होता वडलांसाठी, आबांसाठी. गावात कहाणी सांगायचा मान गुरवांच्या घराचा. शिपाई आले त्या दिवशी आबांचे वडील सांगत होते आणि पाच-सहा वर्षांचे आबा समोर बसून हुंकार देत होते. कहाणीतली माणसं देशोधडीला लागून परत घरी निघाली होती, नदीच्या काठावर येऊन उभी होती. तेवढ्यात शिपायांनी कहाणीला उचललं आणि गुरवांनाही गावाबाहेर काढलं. आता आबांनी अंथरूण धरलं होतं. मृदुलाचा धाकटा भाऊ विलास त्यांना भरवायचा आणि घासागणिक आबा विचारायचे, "उतरली का रं नदी त्यांनी?"

उत्तर मिळालं तर आबा निदान सुखाने जेवतील, असं मृदुलाला वाटे. त्यांच्याशिवाय घराची तिला कल्पनाच करवत नव्हती.

पत्ता प्राध्यापक मुजावरांकडे होता. त्यांचा विषय हद्दपारीचा इतिहास. अशा ओळखी अभ्यासकांत देऊन-घेऊनच मिळतात.

"तंजावरला गेलेल्या पाळण्याशी तुमची ओळख आहे म्हणे," मुजावर म्हणाले.

"आहे. माझं नाव सांगा, भेटेल. पण सकाळी जाऊ नका, झोपलेला असतो."

"आणि ती इंदूरची लावणी?"

"तिला नका हो त्रास देऊ. ती आता कुणाला ओळखत नाही."

मुजावरांनी मान हलवली. मग रीतीप्रमाणे कहाणीची परवानगी विचारून घेतली आणि पत्ता दिला. "एक सांगून ठेवतो, मॅडम. ती नदीपाशी थांबते. जितके गेले तितक्यांचं रेकॉर्डिंग तिथंच संपलंय. एकानं तर तिच्या अपुरेपणावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेतली."

मृदुला गेली तेव्हा दुपार कलली होती. खाली कुणी तरी तार जुळवत होतं. कहाणी खिडकीत बसली होती. ती बाईसारखी दिसत नव्हती, कहाणीसारखीच दिसत होती. टक लावून पाहिलं की मध्येच माळरान लागायचं आणि डोळे थकायचे.

"कुनाची गं तू?"

"गुरवांची."

"बस मग."

मृदुलाने रेकॉर्डर चालू केला आणि तोंड मिटून घेतलं. सांगणारा बोलत असताना अभ्यासकाने हूं की चूं करायचं नाही, हे ती वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना बजावत आली होती. कहाणी सांगत गेली. राजा झाला, कोप झाला, माणसं निघाली, माळ ओलांडून नदीपाशी आली. आणि कहाणी थांबली.

तार जुळली, उतरली, पुन्हा जुळली. कहाणी नुसती तिच्याकडे पाहत राहिली. आणि मृदुलाला आबा आठवले. दुपारच्या झोपेत ते मध्येच "हुं" म्हणत, थांबत, पुन्हा म्हणत. एवढी वर्षं तिला ते कण्हणं वाटलं होतं. समोरच्याने हुं म्हटल्याशिवाय कहाणीचं पाऊल पुढे पडत नाही, यावर तिने स्वतःच्या पुस्तकात अख्खं प्रकरण लिहिलं होतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"हुं," ती म्हणाली.

"नाव आली," कहाणी म्हणाली.

"हुं."

"म्हातारी बसली, लेकुरवाळ्या बसल्या, शेळ्या चढवल्या."

"हुं."

"समदी बसली. एक पोरगं तेवढं अलीकडंच राह्यलंय. हुंकार देत हुतं, शिपायांनी नेलं." कहाणीचा आवाज मऊ झाला. "हाक मारू का त्येला?"

मृदुला आबांसाठी शेवट न्यायला आली होती, आबांना शेवटाकडे धाडायला नव्हे. नाही म्हणावं, रेकॉर्डर बंद करावा आणि पहिली गाडी धरून घर गाठावं, असं तिला फार वाटलं. नाव काठाला लागून डुलत होती. शेळ्या कंटाळल्या होत्या. कुणीही घाई करत नव्हतं.

"हुं," मृदुला म्हणाली.

पुढचं तिने सगळं ऐकलं. नाव पैलतीराला लागली.

मृदुला माडीवरून खाली उतरली तोच विलासचा फोन आला.

"अक्का, आबा अंथरुणात न्हाईत. समदी गल्ली धुंडाळली."

"गावाला गेले ते, विलास."

"एकलेच?"

"नाही. बरीच माणसं आहेत बरोबर. जेवून गेले का?"

"गेलं की. आपल्या हातानं जेवलं. ताट धुऊन पालथं घातलंय."

"मग बरं झालं," मृदुला म्हणाली, आणि दुकानाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली.