उद्या सकाळी जाळायचं

बन्सीकाका घाबरले की प्रश्न विचारतात. फुलंब्रीहून शहरातल्या दवाखान्यात भरती झाल्यापासून त्यांनी डॉ. अमृतांना भंडावून सोडलं होतं. वर्षभर त्यांचं काळीज बेताल धडधडत होतं आणि गोळ्यांना जुमानत नव्हतं. आता रस्ते दोनच होते, आणि निवड काकांची.

"मांडीच्या शिरेतून बारीक तार काळजापर्यंत न्यायची आणि आतल्या चुकार जागा जाळायच्या," डॉक्टर म्हणाल्या. "त्रास कमी, पण कधीकधी पुन्हा करावं लागतं. नाहीतर बरगड्यांमधून छिद्रं पाडून बाहेरून जाळायचं. त्यानं ठोके ताळ्यावर राहण्याची शक्यता जरा जास्त, पण धोकाही जास्त."

"तार आत वळती कशी? अन् धूर कुठून निघतो?"

"धूर निघत नाही, काका. उद्या सकाळी करायचंय. संध्याकाळपर्यंत कुठलं ते सांगा."

काका गप्प झाले. ते गप्प झालेले बघून लक्ष्मीकाकूंचा धीर सुटला. त्यांनी कन्नडला भावाला फोन लावला आणि हुंदके देत म्हणाल्या, "सर्जेदादा, ह्यांना उद्या सकाळी जाळायचं म्हणत्यात..." पुढचं 'काळजात, थोडंसंच' तोंडातून निघायच्या आत फोनची बॅटरी संपली.

सर्जेरावांनी जीप काढली. शहरात ऐनवेळी काही मिळत नाही म्हणून टपावर गोवऱ्याही लादल्या. गेटवर वॉचमननं अडवलं.

"ओ चाचा, दवाखाने में गोवऱ्या कायकू?"

"मैयत का सामान हय," म्हणत सर्जेराव डोळे पुसत आत घुसले.

मयत कॉटवर बसून मोसंबी सोलत होती.

"या सर्जेराव. फोड घ्या."

"दाजी! तुम्ही तर..." सर्जेराव छाती धरून स्टुलावर कोसळले.

"अगं बया! पुरतं ऐकायचं तरी, दादा!" काकू ओरडल्या.

डॉक्टर धावत आल्या. त्यांनी मनगट धरलं, लगेच ईसीजी काढायला लावला आणि तो दोनदा पाहिला. "तुमचेही ठोके बेताल आहेत. दम लागतो का?"

"वर्ष झालं. वय झालं म्हणून बोललो नाय कुणाला." सर्जेरावांचा चेहरा पांढरा पडला. "म्हंजी मलाबी जाळणार?"

"आधी तपासू," डॉक्टर म्हणाल्या.

काका मात्र कॉटवरून उतरले होते. स्टुलाजवळ बसून त्यांनी दोन्ही रस्ते असे समजावले, जणू ती तार त्यांनीच घरी बनवली होती. "अन् धूर बिलकुल निघत नाय."

"तुम्ही कुठला रस्ता धरला, दाजी?"

सकाळपासून सगळे प्रश्न काकाच विचारत होते. आता त्यांनी मेव्हण्याचा हात हातात घेतला.

"मांडीतला. भिऊ नका, सर्जेराव. आधी मी जळतो, मंग तुम्ही."