बुटक्याची जादू आणि एकशे सहा पत्रं

बुटक्याला जादू शिकवायचीच, असं मी एका मंगळवारी दुपारी पिंकीला मांडीवर घेऊन ठरवलं. पिंकी तेव्हा चौदा महिन्यांची होती. कॉम्प्युटरच्या किरणांनी मुलांची वाढ खुंटते असं मी कुठंतरी वाचलं होतं, म्हणून तिच्या डोक्यावर एकावर एक दोन टोपडी चढवली होती. (मी बी.एस्सी. आहे. फर्स्ट क्लास. पुढचं वाचून कुणाचा विश्वास बसणार नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते.)

बुटका आमच्या कॉम्प्युटरमधल्या खेळातला. साल अठ्ठ्याण्णव. सांगलीत आमच्या गल्लीत कॉम्प्युटर फक्त आमच्याकडं, कारण ह्यांचा टायपिंग-छपाईच्या जॉबवर्कचा धंदा. खेळाची सीडी ह्यांना कुणीतरी दिली होती आणि ती खेळायच्या माझ्या नणंदबाई, प्रियदर्शनी वन्सं. मिरजेच्या शाळेत गणित शिकवायच्या. उंची चार फूट नऊ इंच. फळ्याच्या वरच्या भागात लिहायचं तर स्टुलावर चढायच्या. खेळात राक्षस, तलवारी, मंतरलेली जंगलं. सुरुवातीला आपला गडी निवडायचा: माणूस, लांबकान्या, नाहीतर बुटका. वन्सं दरवेळी बुटकाच घ्यायच्या, आणि दरवेळी त्याला जादूगार करायला गेल्या की ते बटण फिकट पडलेलं, दाबलंच जायचं नाही.

"वहिनी, ह्याला जादू का येत नाही?"

"जन्मानं बुटका ना तो. बुटक्यानं फक्त कुऱ्हाड चालवायची. नियम आहे."

"कुणाचा?"

"खेळ करणाऱ्यांचा."

"बुटक्याला विचारलं होतं का कुणी?"

हे त्या हसत म्हणाल्या, पण मला त्या दिवशी ते हसणं सोसलं नाही. कारण सकाळीच सासूबाईंनी फर्मान काढलं होतं. म्हसवडचं एक स्थळ आलं होतं. सिमेंटचं दुकान, घरचं बरं, मुलाची अट एकच: मुलीनं नोकरी सोडायची. वन्संना अठ्ठाविसावं लागलेलं. सासूबाई म्हणाल्या, "नानासोंच्या स्थळांच्या यादीतनं ह्या खेपंला दुसरं काय निघालं तर बघू. न्हाईतर रविवारच्याला म्हसवडला शब्द देऊन टाकायचा. आता लय झालं."

वन्सं तशाच शाळेला गेल्या. दुपारी आल्या आणि बुटका घेऊन बसल्या. मग मी ठरवलं, माझ्या हातात बाकी काही नाही, निदान बुटक्याचं तरी भलं करू.

खेळाच्या फोल्डरमध्ये शोधता शोधता मला एक साधी फाईल सापडली. आडवे जन्म, उभे धंदे, आणि चौकटीत एक किंवा शून्य. माणसाच्या ओळीत सगळे एक. बुटक्याच्या ओळीत शून्यांची नुसती रांगोळी. हे मला लगेच कळलं, कारण अगदी तशीच फाईल ह्यांनी नानासोंसाठी केली होती. नानासो म्हणजे ह्यांचे चुलते. त्यांचं वधू-वर सूचक केंद्र. पाटीवर 'सर्व समाजांसाठी' असं मोठ्या अक्षरांत. फाईलमध्ये मात्र कुणाचं स्थळ कुणाला दाखवायचं ह्याच्या भिंती. समाज जमत नाही, शून्य. देवक एक आलं, शून्य. तालुका लांबचा, शून्य. मुलगी चार फूट नऊ, शून्य. वन्संच्या ओळीतले एक मोजायला एका हाताची बोटं पुरायची.

मी 'शोधा आणि बदला' उघडलं. शून्य शोधा, एक करा. कॉम्प्युटरनं विचारलं, सर्व उघड्या फायलींत? मी हो म्हटलं. (अर्धवट काम मला आवडत नाही. भांडी घासतानासुद्धा मी शेजारणीची एखादी घासून टाकते.)

संध्याकाळी वन्संचा बुटका जादूगार झाला. पहिला जाळ त्यानं बोटातून काढला तेव्हा वन्सं खुर्चीत उडाल्याच! खेळातल्या बाकीच्यांनाही सगळं यायला लागलं होतं, हे खरं. लोहार पूजा सांगायला लागला. सामान वाहणारं खेचर मंत्र म्हणायला लागलं आणि त्यानं आमचीच दोन माणसं झोपवली. पण वन्सं इतक्या हसल्या, की सासूबाई पिठाच्या हातानं बघायला आल्या.

आपण काहीतरी केलं, असं मला लग्नानंतर पहिल्यांदा वाटलं.

नानासोंची फाईल त्या दुपारी मागं उघडी होती, हे मला अजून माहीत नव्हतं.

बुधवारी ह्यांनी नानासोंची पत्रं छापली. प्रिंटर दिवसभर करवतीसारखा ओरडत होता. घड्या घालणं आणि पत्ते लिहिणं मामंजींकडं. मामंजी, नाथाजीराव, पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त. सगळं टापटीप. दुपारी ते बाहेर आले ते डोळे पुसत.

"सूनबाई, आपल्या पोरीचं नाव एकशे सहा पत्रांत आलंय गं!"

"एकशे सहा?"

"मागच्या खेपंला तीन हुती. मी म्हनत हुतो, पोरीचं नशीब उघडंल."

आणि मग त्या माणसानं, सुजलेल्या बोटांनी, एकशे सहाच्या एकशे सहा पत्रांखाली निळ्या शाईनं लिहिलं: 'समक्ष घरी येणेचे करावे. आपला, नाथाजी.' मला कुठंतरी चुकल्यासारखं वाटलं. पण पिंकीला दात येत होते, ताप होता, आणि मला वाटलं तीच काळजी असेल.

रविवारी सकाळी म्हसवडला निरोप जायचा होता. त्याआधी नानासोंच्या यादीतल्या एका मुलीचे वडील, कवठे महांकाळचे दादासो आले, पत्र फडकवत.

"कुठं हायत जयराजराव? आवं, माझ्या पोरीला ही स्थळं धाडली व्हय? तिसरं नाव बघा. तिचा सख्खा भाऊ हाय!"

हे पुढं झाले, पत्र बघत राहिले. मग कॉम्प्युटरवरचा खेळ बाजूला सारून फाईल उघडली. पडदाभर एक, एक, एक. जणू सगळ्या सांगली जिल्ह्यानं हात वर केला होता.

"हे कुणी केलं?"

"बुटक्यासाठी," मी म्हणाले.

"काय?"

"खेचराचंही झालं," मी म्हणाले, आणि रडायला लागले.

दादासोंना कसंबसं चहा पाजून वाटेला लावलं. मामंजी खाटेवर बसून होते. एकशे सहा म्हणजे काय होतं, ते त्यांना आत्ता उमगलं होतं. मला रागावले असते तर बरं झालं असतं. सासूबाई म्हणाल्या, "जाऊ द्या. म्हसवडला फोन लावा." वन्सं उठल्या आणि भांड्यात पाणी घ्यायला गेल्या, भांडं भरलेलं असूनसुद्धा.

तेवढ्यात दार वाजलं. बाहेर एक म्हातारे गृहस्थ, इस्त्रीचा सदरा, आणि मागं चष्मा लावलेला उंच मुलगा.

"सुभेदारसाहेबांचं घर हेच का? मी धोंडीबा. हा माझा महेंद्र, मिरजेच्या दवाखान्यात लॅबला हाय. पत्र आलं म्हनून आलो." मग उंबऱ्याबाहेरच थांबून ते म्हणाले, "आवं, आमी बौद्ध. पत्र चुकून आलं आसंल तर तसं सांगा. वाईट वाटून घ्यायचं न्हाई. पानी पिऊन माघारी जातो."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

मामंजींनी हात पुढं केला आणि पत्र घेतलं. चष्मा लावून खालची ओळ वाचली. खूप वेळ वाचली. ओळ तर सहा शब्दांची होती.

"चुकून न्हाई," ते शेवटी म्हणाले. "छापील काय आसंल ते आसंल. हे अक्षर माझं हाय. मी माझ्या हातानं बोलीवलं आन् दारातनं माघारी धाडू व्हय? या. आत या."

"आवं पण..." सासूबाई म्हणाल्या.

"चार कप," मामंजी म्हणाले. "कपबशा चांगल्या काढ."

सासूबाई माझ्याकडं बघून फणकारल्या, पण कपबशा काढल्या त्या काचेच्या कपाटातल्या. पोह्यांत शेंगदाणे जरा जास्तच पडले. पुढचं सगळं सोपं होतं असं मी म्हणणार नाही. सासूबाई पोहे देताना धोंडीबांशी बोलल्या नाहीत, आणि धोंडीबांनी पहिला घास घ्यायला बराच वेळ लावला. पण मामंजींनी विचारलं, "पोरगी नोकरी करती. तुमचं म्हननं काय?"

"करू दे की," महेंद्र पहिल्यांदाच बोलला. "मी स्वयंपाक करतो. भाकरी तेवढी जमत नाही."

वन्संनी मान वर केली. त्यांची नजर एवढी वर गेली, की मला त्यांच्या मानेची काळजी वाटली. आणि मग महेंद्रची नजर कॉम्प्युटरवर गेली. फाईल मिटली होती, मागं खेळ तसाच चालू होता.

"हा बुटका... जादूगार?"

"वहिनींनी केला," वन्सं म्हणाल्या.

"तुम्हीपण खेळता?"

"तुम्ही खेळता?"

म्हसवडला फोन मामंजींनी स्वतः लावला. तीन वाक्यांत संपवला; पलटणीची सवय. "पोरगी नोकरी सोडत न्हाई. बैठक रद्द. रामराम." आत वन्सं खुर्चीवर आणि महेंद्र स्टुलावर बसला होता, त्यामुळं दोघांची डोकी एका रेषेत आली होती. सासूबाई दारातून तिकडं बघत होत्या, आणि हातातली बशी पुसून पुसून झिजवत होत्या.

मी चहाची दुसरी फेरी घेऊन गेले, जरा ताठ मानेनंच. हे सगळं घडलं होतं ते शेवटी माझ्यामुळंच.

"वहिनी, ही फाईल तुम्ही शोधलीत? स्वतः?" महेंद्रनं आदरानं विचारलं.

"आठवडाभर दुपारी बसून," मी म्हणाले. (एक दुपार. पण पाहुण्यांसमोर आठवडा.)

"कमाल आहे," तो म्हणाला. मग संकोचून त्यानं माऊस हलवला, वर कोपऱ्यातली एक यादी उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिथं इंग्रजीत लिहिलं होतं: जन्म-धंद्याची बंधनं, चालू किंवा बंद. "हे... इथं एकदा दाबलं, की झालं असतं."

मग दारातून सासूबाईंचा आवाज आला, "म्हंजे ते बटन पयल्यापास्नं तिथंच हुतं व्हय गं?"

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "पण मला मुळापासून शिकायचं होतं."

पिंकीसुद्धा माझ्याकडं बघून हसली.