सिस्टरांची राणी बेपत्ता

"हरवलेली वस्तू मला पाहून स्वतःहून पुढे येते," असं भाऊजी स्वतःबद्दल सांगत. "माझी नजर करवतीसारखी, कान सशासारखे आणि मेंदू, काय सांगू, मेंदूसारखाच! माणसाच्या चपला पाहून मी त्याचा सगळा दिवस सांगतो."

हे शेवटचं खरं होतं. दूधवाल्याच्या ओल्या चपला पाहून त्यांनी, "तुम्ही नुकतेच दूरच्या समुद्रप्रवासाहून परतलात," असं छातीठोकपणे सांगितलं होतं. दूधवाला नळावरून पाय धुऊन आला होता.

भाऊजींनी टपालखात्यात एकतीस वर्षं पत्ता न सापडणाऱ्या पत्रांच्या टेबलावर काढली. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी स्वतःला खासगी गुप्तहेर म्हणून नेमलं आणि बायकोच्या धाकट्या भावाला सहायक म्हणून. हा मेहुणा शिंपी. इमारतीच्या तळमजल्यावर त्याचं दुकान. नेमणुकीबद्दल त्याला कुणी विचारलं नव्हतं. गळ्यात टेप होती, तेवढ्यावरून भाऊजींनी त्याला मोजमाप खातं देऊन टाकलं. भाऊजी सुतावरून स्वर्ग गाठत, आणि सूत अर्थातच शिंप्याच्या दुकानातलं असे.

त्या सकाळी शिंपी शाळेच्या गणवेशांच्या ढिगात बुडाला होता, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरून सिस्टरांचा फोन आला.

"वर या," त्या म्हणाल्या. "राणी नाहीये."

शिंप्याच्या पायाखालचं मशीन आपोआप थांबलं.

सिस्टर म्हणजे हॉस्पिटलात अडतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या नर्स. एकट्या राहत. घरी बसल्यावर पहिले सहा महिने त्या कुणाशी फार बोलल्या नाहीत. मग एक दिवस गॅलरीत, धुणं वाळत घालताना, त्यांना एक मोठी काळी मुंगी सापडली. नुकतेच पंख गाळलेली, जागा शोधत फिरणारी. सिस्टरांनी तिला काचेच्या नळीत ठेवलं. नळीच्या तळाशी पाणी, मध्ये कापसाचा बोळा, वर काळोख. महिनाभर राणीने काही खाल्लं नाही, नुसती अंडी सांभाळत बसली. "पंखांचे स्नायू आता तिला लागणार नाहीत, त्यांच्यावरच जगतेय," असं सिस्टरांनी शिंप्याला सांगितलं होतं, आणि ते सांगताना त्या कितीतरी दिवसांनी हसल्या होत्या. आता दोन वर्षांनी राणीची प्रजा साठ-सत्तर होती. राहायला प्लास्टरचं घर, त्याला जोडून खाण्यापिण्याची काचेची पेटी, आणि आतल्या खोलीच्या भिंतीवर, हॉस्पिटलात पेशंटचा लावतात तसा, तक्ता.

गेले चार दिवस सिस्टर बहिणीकडे गेल्या होत्या. जाताना किल्ली शिंप्याकडे दिली होती. काम सोपं होतं: रोज प्लास्टरच्या भोकात आठ थेंब पाणी, आणि वरचं लाल झाकण काढायचं नाही. पण गणवेश गळ्याशी आलेले. शिंप्याने किल्ली भाऊजींना दिली.

राणी हरवल्याचं कळताच भाऊजीही निघाले. जिना चढता चढता शिंप्याने हळूच विचारलं, "भाऊजी, पाणी घातलं होतंत ना?"

"पाणी?" भाऊजी पायरीवरच थांबले. "संभाव्य घटनास्थळी? अरे, पाण्याने ठसे जातात!"

"आणि लाल झाकण?"

"काढून ठेवलं. पडद्याआड काय शिजतंय ते कळायला नको? दिवसातून तीनदा टॉर्च मारून हजेरी घेत होतो मी."

शिंप्याच्या घशाला एकदम कोरड पडली. प्लास्टरलाही पडली असणार, हे त्याच्या लक्षात आलं.

वर गेले तर तसंच होतं. एरवी ओलसर करडं दिसणारं प्लास्टर खडूसारखं पांढरं पडलं होतं. खोल्या रिकाम्या. राणी नाही, अळ्या नाहीत, पांढरे कोषही नाहीत. शेजारच्या पेटीत तीस-चाळीस कामकरी मुंग्या तेवढ्या सैरावैरा फिरत होत्या. सिस्टरांनी प्लास्टरवरून बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं आणि त्या तक्ता आणायला आतल्या खोलीत गेल्या.

शिंप्याला वाटलं, आत्ताच सांगावं. पण तो गळ्यातली टेप गुंडाळत-उलगडत राहिला.

भाऊजींनी मात्र तेवढ्यात कामाला हात घातला होता. पेटीतून त्यांनी कागदात गुंडाळलेली एक काचेची नळी उचलली.

"ही बघ! लपवून ठेवलेली. विष असणार."

"ती त्यांच्या प्यायच्या पाण्याची नळी आहे भाऊजी. कागदावर तारीख लिहिलीय."

"विषावर कधी 'विष' लिहितात का?" भाऊजींनी शिंप्याच्या खिशातली चिंधी ओढून नळीच्या तोंडात कोंबली आणि नळी कोटाच्या आतल्या खिशात टाकली. मग पेटीवर झाकण घालून चारी बाजूंनी चिकटपट्टी मारली. "घटनास्थळ सील!"

सिस्टर तक्ता घेऊन आल्या तेव्हा भाऊजी येरझारा घालत होते.

"बाई, मन घट्ट करा. हा राजवाड्यातला उठाव आहे. त्या कोपऱ्यात पाहा, प्रेतांचा ढीग! एकनिष्ठ सैनिकांची कत्तल झाली."

"तो उकिरडा आहे," सिस्टर म्हणाल्या. "मेलेल्यांना त्या तिथेच नेऊन टाकतात. पहिल्या महिन्यापासून तिथेच आहे."

"मग राणी उडून गेली."

"तिला पंख नाहीत."

"हेच ती आपल्याला भासवत होती!"

"भाऊजी," शिंपी म्हणाला, "ती दोन वर्षं नुसती बसून आहे."

"दोन वर्षं! एवढा संयम सराईत गुन्हेगारालाच जमतो."

सिस्टर खुर्चीवर बसल्या. "राणी गेली तर नवीन अंडी होत नाहीत," त्या तक्त्याकडे बघत म्हणाल्या. "उरलेल्या काही महिने काम करत राहतात. बाहेर जातात, खाणं आणतात. आणायचं कुणासाठी, ते नसतं."

भाऊजींनी उगाच घसा खाकरला. मग त्यांनी एकदम बोट वर केलं.

"तिसरा मजला!"

तिसऱ्या मजल्यावर बँडमास्तर राहत. महिन्यापूर्वी त्यांच्या साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या, तेव्हा जिन्यात उभं राहून, "तुमच्या या सैन्याचा एक दिवस मीच बंदोबस्त करतो," असं ते सिस्टरांना म्हणाले होते. साखरेतल्या मुंग्या बारीक, तांबड्या; सिस्टरांच्या मोठ्या, काळ्या. पण बँडमास्तरांना सुरांतला फरक कळे, मुंग्यांतला नाही. भाऊजींनी त्यांना बोलावून आणलं. ते पितळी बटणांच्या गणवेशात, काखेत ट्रम्पेट घेऊन, निघण्याच्या घाईतच आले.

"काल दुपारी कुठे होतात?" भाऊजींनी विचारलं.

"वाजवत होतो."

"साक्षीदार?"

"चारशे."

"त्या सगळ्यांनी तुम्हाला पाहिलं?"

"पाहिलं नसेल. ऐकलं सगळ्यांनी."

"हं! म्हणजे वाजवणारा दुसराच कुणी असू शकतो."

"त्याने बरं वाजवलं असतं," बँडमास्तर म्हणाले. मग त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज खाली आला. "सिस्टर, मी रागात बोललो होतो हो. खरंच हरवली का ती?"

"भावनेला हात घालू नका," भाऊजी कडाडले. "ट्रम्पेट इकडे द्या. आत मुंगी शिरायला जागा आहे की नाही, ते तपासू."

"तपासा. पण तुमच्या मानेवर मुंगी आहे."

"विषय बदलू नका."

"आता दोन झाल्या."

भाऊजींनी मान झटकायला हात उचलला.

"हलू नका!"

सिस्टरांचा आवाज इतका करडा होता की शिंपीही हलायचा थांबला आणि बँडमास्तरांनी टाचा जुळवल्या. कोटाच्या पट्टीवरून तिसरी मुंगी वर येत होती. तिच्या तोंडात तांदळाच्या दाण्यासारखा पांढरा कोष होता.

"कोट काढा," सिस्टर म्हणाल्या. "सावकाश. उजवा हात आधी. आत खिशात काय आहे?"

"पुरावा," भाऊजी क्षीण आवाजात म्हणाले.

सिस्टरांनी दोन बोटांनी नळी बाहेर काढली. चिंधी निम्मी सुटली होती. त्यांनी कागद जरासा वर सरकवला आणि डोळ्यांजवळ नेला. ओल्या बोळ्याला बिलगून राणी बसली होती. तिच्याभोवती वीस-पंचवीस जणी, अळ्यांचा आणि कोषांचा ढीग. सगळा संसार.

घरात कोरड पडली, वरून उजेड पडू लागला, तेव्हा मुंग्यांनी कुठल्याही शहाण्या कुटुंबाने केलं असतं तेच केलं होतं. ओल आणि अंधार असलेली जवळची जागा गाठून बाडबिस्तरा तिकडे हलवला होता. आणि तिथून गुप्तहेरांनी तो खिशात घातला होता.

"म्हणजे," भाऊजी थोड्या वेळाने म्हणाले, "राणी संपूर्ण तपासात माझ्या संरक्षणाखाली होती."

सिस्टरांनी प्लास्टरला थेंब थेंब पाणी पाजलं, लाल झाकण बसवलं, चिकटपट्टी काढून, कागद सोडवून नळी पेटीत आडवी ठेवली आणि चिंधी दूर केली. मानेवरच्या आणि कोटावरच्या तिघींनाही चित्रकलेच्या ब्रशाने अलगद उतरवून घेतलं.

"आता ढकलायचं का त्यांना घरात?" बँडमास्तरांनी विचारलं.

"नाही. मनाला पटलं की स्वतः जातील. लाल झाकणाखाली त्यांना अंधारच वाटतो. आपण फक्त बसायचं."

नळीवर आता वरून उजेड पडत होता. चौघं बसून राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक मुंगी निघाली, प्लास्टरच्या दाराशी मिश्या हलवून आत गेली, परत आली. दुसऱ्या दोघींना तिने काहीतरी कळवलं असावं, कारण त्या तिच्यामागून निघाल्या. तासाभरात कोषांची ने-आण सुरू झाली. भाऊजींनी टॉर्च काढला, सिस्टरांनी नुसतं पाहिलं, आणि त्यांनी तो परत ठेवला. बँडमास्तरांना उशीर होत होता, पण ते उठले नाहीत. शेवटी राणी निघाली, पोट ओढत, वाटेत दोनदा थांबत. ती दारात शिरली तेव्हा कुणी श्वासही मोठ्याने घेत नव्हतं. आत गेली आणि भाऊजींनी रुमाल काढून डोळे पुसले. "धूळ," ते म्हणाले.

सगळे उठले. "तुम्ही किती चलाखीने संशय स्वतःवर ओढवून घेतलात," हे बँडमास्तरांना समजावत भाऊजी जिना उतरले. शिंपी दारात रेंगाळला.

"सिस्टर, पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. मी ते दुसऱ्यावर टाकलं."

"माहीत आहे," तक्त्यावर लिहितालिहिता सिस्टर म्हणाल्या. "प्लास्टरला बोट लावलं तेव्हाच कळलं."

शिंपी गोंधळला. "मग आम्हाला बाहेर का नाही काढलंत? सकाळपासून एवढा तमाशा झाला!"

सिस्टरांचं लिहिणं थांबलं.

"अडतीस वर्षं लोकांच्या उशाशी बसले," त्या म्हणाल्या. "आज माझ्याजवळ कुणीतरी बसायला हवं होतं. कसं का बसेना."